ओळख बाकी

तो बल्ब आधी बंद करा. अंगणातला राहू दे, हा डोक्यावरचा बंद करा. उजेडाला किडे येतात. चाळीस वर्षं मी खांबांवर आणि माळ्यांवर वायरी ओढल्यात, पालींशी आणि झुरळांशी माझा घरोबा आहे. पण पतंग आला की मी उठून आत जातो. थोरल्या, दात काढू नकोस. दोरीला बांधून उडवतोस त्या पतंगाचं म्हणत नाहीये मी. दिव्यावर येऊन आपटतो तो.

मघापासून दोघं भाऊबहीण विचारताय, मामा असं का करतो. सांगतो. मध्ये बोलायचं नाही. आणि धाकटे, तो फोन पालथा ठेव.

माझा एक दोस्त होता. होता म्हणतोय, कारण आहे म्हणायला तोंड धजत नाही. मी सरकारी दवाखान्यात वायरमन, तो तिथेच रेकॉर्डच्या खोलीत कारकून. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला पाकोळी म्हणायचे आणि तोही बिनदिक्कत ओ द्यायचा. किडकिडीत अंगाचा, जाड भिंगांचा चष्मा, डाव्या डोळ्याखाली मसुराएवढा तीळ. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, ह्याला पतंगांचा. रात्री गच्चीवर पांढरी चादर ताणायची, तिच्यासमोर दिवा लावायचा आणि जे येऊन बसेल ते पुस्तकात शोधत बसायचं. शिकलेला बारावी, पण त्या विषयात भल्याभल्यांना पाणी पाजायचा.

दुपारी डबा उघडता उघडता म्हणायचा, "काल रात्री तिघांची ओळख पटली." समोर नवीन नर्स असेल तर तिचा घास हातातच राहायचा. कारण त्याच्या टेबलावरचं कामही तेच होतं. बेवारस प्रेतांची ओळख.

ते काम असं चालायचं. अनोळखी माणूस मेलेला आला की त्याच्या पायाच्या अंगठ्याला एक जाड कार्ड बांधायचे. एका बाजूला नंबर आणि तारीख, दुसऱ्या बाजूला चेहऱ्याचा फोटो डकवलेला. आठ दिवस वाट बघायची. कुणी आलं नाही तर पालिकेची गाडी येऊन प्रेत घेऊन जायची, आणि ते कार्ड मागे उरलेल्या कपड्यांच्या गाठोड्याला बांधून ठेवायचं. पुढे कधी नातेवाईक आलाच तर त्याला कार्ड दाखवायचं. तो म्हणणार, हो, आमचाच. मग शिक्का. ओळख पटली. त्या माणसाची जगात तेवढीच खूण उरलेली असते, एक कार्ड.

आता पाकोळीची पतंगांची पद्धत ऐका. पतंग टाचणीवर लावला की त्याच टाचणीत खाली नखाएवढी चिठ्ठी टोचायची. त्यावर तारीख, जागा, पकडणाऱ्याचं नाव, आणि ओळख. ओळख पटली नसेल तर तिथे तो लिहायचा, 'बाकी'. कारकुनाची सवय. चिठ्ठी नसलेला पतंग म्हणजे केर, असं तो म्हणायचा. चिठ्ठीचा कागद जाड हवा, पिवळा पडायला नको, वळायला नको. दवाखान्याची कार्डं नेमकी तशीच असायची. छपाईत बिघडलेली कोरी कार्डं तो घरी न्यायचा आणि कात्रीने बारीक पट्ट्या करायचा. कुणाचं काही जात नव्हतं.

त्या वर्षी सप्टेंबरात रेकॉर्डच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक म्हातारा येऊन बसायला लागला. धाकटा भाऊ हरवला होता त्याचा. डोक्याने जरा अधू होता तो भाऊ, ऑगस्टात घरातून निघून गेला होता. पंख्याचा रेग्युलेटर बदलायला मी आत होतो तेव्हा मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. म्हातारा खिडकीत वाकून सांगत होता, "साहेब, डाव्या भुवईत खाच आहे त्याच्या. लहानपणी माझ्याच हातून दगड लागला होता. एवढं बघा ना."

पाकोळी रजिस्टरातून मान वर न करता म्हणाला, "काही नोंद नाही, बाबा."

म्हातारा पुन्हा आला. तिसऱ्यांदाही आला. उत्तर तेच. मला तेव्हा वाटलं, नसेल नोंद. माझा काय संबंध, मी रेग्युलेटर बसवला आणि निघालो.

आता त्या रात्रीचं. सत्तावीस सप्टेंबर, शुक्रवार. दिवसा पाकोळीने मला गाठलं. म्हणाला, "वायरमन, आज घरी ये. मर्क्युरीचा मोठा दिवा आणलाय, होल्डर आणि चोक बसवून दे. साध्या बल्बला तो नीट दिसत नाही."

"कोण तो?"

"तीन रात्री येतोय. रोज अकरा चाळीसला. चादरीवर एकाच जागी बसतो. सगळी पुस्तकं झाली, फोनवरच्या ग्रुपवर फोटो टाकले, एकालाही ओळख पटेना. नवा आहे रे. कुणीच न पाहिलेला." त्याने मला कोपऱ्यात ओढलं. "सोमवारी विद्यापीठातले प्राध्यापक माझा संग्रह बघायला येतायत. त्यांनी हो म्हटलं तर त्या पतंगाला माझं नाव लागेल. पाकोळी नव्हे. माझं खरं नाव."

तीस वर्षं दुसऱ्यांची नावं लिहिली होती त्याने. मला त्याची दया आली. गेलो.

आठ वाजता होल्डर बसवला, चोक बसवला, वायर जिन्यातून खाली सोडली. वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना सांगा जरा झोपत जा. रात्री गच्चीवर कुणाशी तरी बोलतात." मी हसण्यावारी नेलं. त्या खाली झोपायला गेल्या. चोक नवा होता, तापला तर बघावं लागणार होतं, म्हणून मी वर थांबलो. जड पिशवी खांद्याला तशीच होती माझ्या. पक्कड, टेस्टर, टेप, सगळं तिच्यात.

दिवा लागला आणि गच्ची पांढरीफटक झाली. मग आले किडे. शेकड्यांनी. कानात, कॉलरीत, चहाच्या कपात. चादर भरून गेली. मला शिसारी येत होती आणि हा खुशाल एकेकाचं नाव घेत फिरत होता, मुलांची हजेरी घेतल्यासारखा.

अकरा चाळीसला तो आला.

आवाज नाही केला त्याने. बाकीचे आपटत होते, हा नुसता येऊन बसला. चादरीच्या वरच्या बाजूला, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर. तळव्याएवढा. राखेच्या रंगाचा. आणि तो बसला तशी त्याच्या आजूबाजूचे किडे चालत चालत बाजूला सरकले. उडाले नाहीत. सरकले.

पाकोळीने त्याच्यावर रुंद तोंडाची बाटली धरली. आत औषधात भिजवलेला कापूस होता. त्यात दोन मिनिटांत पतंग मरतो. आम्ही घड्याळ लावून दहा मिनिटं थांबलो. पतंग काचेला पोट लावून बसून होता. मध्येच पंख हलवायचा. सावकाश.

"सोड त्याला," मी म्हणालो.

"वेडा आहेस का? ओळख पटवल्याशिवाय सोडतो काय ह्याला." आणि त्याने तो जिवंत पतंग बाहेर काढला, टेबलावर खोक्यातल्या थर्मोकोलवर दाबला आणि टाचणी टोचली. टाचणी पतंगातून आरपार गेली, शिवाय त्याला दाबून धरलेल्या पाकोळीच्या डाव्या अंगठ्यातही घुसली. नखापर्यंत. रक्त थांबेना. माझ्याकडे पट्टी कुठली, मी काळा टेप काढला आणि अंगठ्याला चार वेढे दिले. टेपचं टोक मी नेहमी दुमडून ठेवतो, सोडवायला सोपं जातं. आमच्या धंद्यातली सवय.

मग त्याने चिठ्ठी काढली. डबीत एकच पट्टी उरली होती. त्याने तिच्यावर लिहिलं. तारीख, जागा, स्वतःचं नाव. ओळख, बाकी. शाई वाळायला त्याने पट्टी दिव्यासमोर धरली आणि मला तिची मागची बाजू दिसली.

मागे डोळा होता.

फोटोतला डोळा. माणसाचा. मेलेल्या माणसाचा असतो तसा अर्धवट उघडा. वर भुवई. भुवईत खाच.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ नाही लागला. मी त्याचं मनगट धरलं. "हे कोणाचं कार्ड कापलंस तू?"

त्याने पट्टी उलटी फिरवली. मग म्हणाला, "त्या दिवशी कोरी कार्डं संपली होती. गाडी प्रेत घेऊन गेली होती, आठ दिवस झाले होते. कोण येणार होतं विचारायला? फोटो खरवडायला गेलं तर कार्ड फाटतं. म्हटलं, चिठ्ठीची खालची बाजू कोण बघतंय."

"आणि गाठोडं?"

"कार्ड नाही म्हटल्यावर गाठोडं म्हणजे चिंध्या. झाडूवाल्याने जाळलं."

"किती पट्ट्या केल्यास?"

"पंधरा. चौदा लावल्यात. वेगवेगळ्या खोक्यांत."

म्हणजे बघा. तो म्हातारा तीनदा खिडकीत वाकला, आणि त्याच्या भावाचा चेहरा ह्याच्या घरात पंधरा तुकडे होऊन पतंगांखाली टोचलेला होता. मला असा संताप आला की मी त्याच्या थोबाडीतच द्यायचा राहिलो.

मी म्हणालो, "अजून वेळ गेली नाही. आत्ता खोकी काढ. पंधराच्या पंधरा पट्ट्या काढून कागदावर जोडू. सकाळी म्हाताऱ्याला दाखव. त्याला भाऊ गेला एवढं तरी कळू दे."

"चिठ्ठ्या काढल्या तर त्या पतंगांचा केर होईल. सोमवारी प्राध्यापकांना काय दाखवू?" त्याने हात सोडवून घेतला, टाचणी उचलून पट्टी पतंगाखाली टोचली. "सोमवार होऊ दे. मग जोडतो. आईशपथ जोडतो. तो मेलेला कुठे पळून जातोय?"

हे तो बोलला. मोठ्याने बोलला.

चादरीवरचा आवाज थांबला.

इतके किडे असले की एक बारीक तडतड चालू असते, पत्र्यावर वाळू पडावी तशी. ती थांबली. मी वळून बघितलं. किडे चादरीवरच होते. पण सरकत होते. सगळे. कडेला...

मधली जागा मोकळी होत गेली. आधी वर, डोक्याएवढी. मग खाली रुंद. खांदे. हात. दोन पाय...

चादरीवर एक माणूस उभा होता. म्हणजे माणूस नव्हता. माणसाएवढी जागा होती, जिच्यावर एकही किडा बसत नव्हता.

"मागे कोणी आहे," पाकोळी पुटपुटला. "मागे उभं राहून कोणी..."

मागे कोणी उभं राहूच शकत नव्हतं. चादर कठड्याला लावून ताणली होती. मागे तीन मजले. खाली रस्ता.

मी टेबलाकडे बघितलं. पतंग टाचणीवर फिरत होता. गोल. सावकाश. आमच्याकडे तोंड करेपर्यंत. मग थांबला.

आणि चादरीतून आवाज आला. साधा. खिडकीत वाकून विचारतात तसा.

"ओळख पटली का?"

...

पाकोळीने तोंड उघडलं. त्याच्या तोंडातून काय आलं माहीत आहे? तीस वर्षांची सवय. तो म्हणाला, "काही नोंद नाही."

दिवा गेला.

फ्यूज नव्हता उडाला. खाली जिन्यातला दिवा चालू होता, रस्त्यावरचेही. मला सवय आहे, मी आधी तेच बघतो. गच्ची तेवढी काळी. आणि त्या काळोखात किडे उडाले. सगळे एकदम. माझ्या अंगाला एक नाही लागला. सगळे त्याच्याकडे गेले. मला ऐकू येत होतं.

"वायरमन," तो म्हणाला. "थांब."

मी नाही थांबलो.

पळालो मी. पिशवी खांद्यावर आपटत होती, तसाच जिना उतरलो. पुन्हा एकदा हाक आली. "थांब रे..." त्यानंतर नाही आली. वहिनींचं दार बंद होतं. मी वाजवलं नाही. घरी जाऊन पांघरूण डोक्यावर घेतलं. हे तुमच्या आईलासुद्धा मी आजवर सांगितलेलं नाही.

सकाळी वहिनींचा फोन. हे गच्चीवर नाहीत, चपला आहेत. मी म्हणालो, मी तर दहालाच निघालो होतो, वहिनी. असं म्हणालो मी.

रविवारी दुपारी कालव्याच्या दाराशी प्रेत अडकलेलं सापडलं. ओळख पटवायला पोलिसांनी वहिनींना आणि मला दवाखान्यात बोलावलं. ज्यांचा कोणी हरवलाय त्या सगळ्यांना कळवतात, म्हणून तो म्हाताराही आला होता. त्याच बाकावर बसला होता.

वहिनी आधी आत गेल्या. कपड्यांवर हात ठेवला, चेहरा बघितला, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. स्वच्छ दिसलं मला ते. म्हणाल्या, "शर्ट ह्यांच्यासारखा आहे. पण हे आमचे नाहीत. असले शर्ट बाजारात शेकड्यांनी मिळतात." आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडल्या, सुटल्याच्या आनंदाने.

मग मी गेलो.

चेहरा पाकोळीचा नव्हता. तीळ नाही, काही नाही. डावी भुवई. खाच.

मी खाली बघितलं. डाव्या अंगठ्याला काळा टेप होता. चार वेढे. टोक दुमडलेलं.

हवालदार म्हणाला, "बोला काका. तुमचा दोस्त हाच का?"

मला एवढंच म्हणायचं होतं, हात त्याचा आहे. माझ्या हातचा टेप आहे. पण चेहरा दुसऱ्याचा, आणि तो दुसरा महिन्याभरापूर्वीच पालिकेच्या गाडीतून गेलेला. हे कुणाला सांगणार? आणि सांगायचं तर मी दहाला नाही, बारा वाजून गेल्यावर निघालो, हेही सांगावं लागणार होतं. मी म्हणालो, "नाही. हा तो नव्हे."

म्हातारा आत आला. त्याने भुवईवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग त्या पायांवर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडला. कार्डावर शिक्का बसला. प्रेत त्याच्या हवाली झालं. जाताना त्याने माझ्यापुढे हात जोडले आणि डोळे पुसत म्हणाला, "ओळख पटली, साहेब."

सोमवारी प्राध्यापक आले. वहिनींनी सगळी खोकी त्यांना देऊन टाकली, हे परत आले की खूश होतील म्हणून. मी तिथेच उभा होतो. खोकी गाडीत गेली. मग मी गच्चीवर दिवा सोडवायला गेलो. टेबलाखाली ते एक छोटं खोकं पडलं होतं. थर्मोकोलवर टाचणी उभी होती. पतंग नव्हता. पंखाची धूळसुद्धा नव्हती. चिठ्ठी तेवढी होती. मी ती काढली आणि उलटी केली.

त्यावर डोळा होता. खाच नव्हती. चष्म्याचं जाड भिंग होतं, आणि खाली मसुराएवढा तीळ.

उरलेले चौदा तुकडे विद्यापीठाच्या कपाटात आहेत. चिठ्ठ्यांची खालची बाजू कोण बघतंय. तिथे जाऊन, सगळं सांगून, ते मागून आणले, जोडले, तर वहिनींना... पण मी गेलो नाही. आज जातो, उद्या जातो करत राहिलो. वहिनी दर महिन्याला फोन करतात. काल केला होता, तुमच्यासमोरच. भाऊजी, काही कळलं का? तुम्ही ऐकलंत ना मी काय म्हणालो ते?

"काही नोंद नाही, वहिनी."

धाकटे, माझ्या पाकिटातून ती प्लास्टिकची पुडी काढ. बल्ब नको लावूस, फोनच्या उजेडात बघ. ही पुढची बाजू. सत्तावीस सप्टेंबर. त्याचं अक्षर. ओळख, बाकी. आता उलटी कर.

डोळ्याकडे बघू नकोस. त्याच्या भिंगात बघ. काहीतरी पांढरं दिसतंय ना? मलाही आधी नुसता डाग वाटला होता. मग मी घड्याळजीची काच लावून बघितलं. चादर आहे ती. आणि तिच्या बाजूला, जिन्याच्या दाराशी, एक माणूस आहे. पाठमोरा. पळतोय.

त्याच्या खांद्याला वायरमनची पिशवी आहे.